दान नको म्हणून बा गिरणीत गेला

निघताना आयने चूल सारवली. घरात मागे कोणी राहणार नव्हतं, तरी तिने रांजणाच्या तळाचं पाणी शेणात घातलं आणि चूल आणि तिच्यापुढची हातभर जमीन सारवून घेतली. पिण्याला पाणी नव्हतं त्या दिवसांत हा प्रकार पाहून नाना, म्हणजे माझा चुलता, दारातून ओरडला, "वैनी, कुनासाटी सारवतीस? उंदरांसाटी?"

"पाऊस पडला की येनारच हाय की आमी," आय म्हणाली. "आल्याबरुबर भाकरी कशावर टाकू, तुज्या डोक्यावर?"

 बा मेंढरांपाशी उभा होता. दुष्काळाने कळप खाल्ला होता. ज्या थोड्या माद्या राहिल्या त्या नाना सांभाळणार होता, कारण त्याच्या सासरच्या विहिरीला थोडा ओलावा होता. मेंढरं जगवीन, माणसं जगवता येणार नाहीत, असं त्याने स्पष्ट सांगितलं होतं. त्यात त्याची चूक नव्हती. बाने एकेका मादीच्या पाठीवर हात दाबला, हाड किती वर आलंय ते पाहिलं, आणि घोंगडी खांद्यावर टाकून चालू लागला. मी सात-आठ वर्षांची असेन. सांगोल्याच्या पलीकडच्या त्या गावात मी नंतर पाहुणी म्हणून गेले, राहायला कधीच नाही.

हे मी दोन्हीकडच्यांसाठी लिहिते. तुम्ही जे मागे गावात राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही सुटलो. आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांच्या पोरांना वाटतं की शहराने आम्हाला हात धरून वर काढलं. परवा माझी नातसून म्हणाली, "आजी, आमच्या ऑफिसच्या ग्रुपतर्फे हायवेकडेच्या झोपड्यांत कपडे वाटायला चाललोय. तुम्ही पण चला. तुम्हीसुद्धा अशाच आला होता ना?" मी नाही म्हटलं. तिला राग आला. का नाही म्हटलं ते तिला उभ्या उभ्या सांगता येईना, म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंत. सजवून लिहिता येत नाही, आणि आलं असतं तरी या गोष्टीला सजवलं नसतं.

मंगळवेढ्यावरून आम्ही चालत आलो. भीमेला धार नव्हती. लोक वाळूत खड्डे उकरून वाटीवाटीने पाणी भरत होते. सोलापूर दिसायच्या आधी ऐकू आलं. गिरणीचा भोंगा झाला आणि बा जागेवर थांबला. त्याला वाटलं कुठलं तरी मोठं जनावर मरतंय.

वेशीबाहेरच्या माळावर एका मंडळाने दुष्काळी लोकांसाठी छावणी काढली होती. पत्र्याचे आडोसे, पाण्याचा एक नळ, आणि दोन वेळा ज्वारीच्या कण्या. वाढायला एक बाई उभी असायची, एका वकिलाची बायको. सगळे तिला वकीलीणबाई म्हणत. ती बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगते. पदर खोचून ती पोरांच्या डोक्यातल्या उवा स्वतः काढायची. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून बसलेली आहे. तिच्या हाताला साबणाचा वास यायचा.

पहिल्या दिवशी बा वाडगं घेऊन तिच्यापुढे उभा राहिला आणि वाडगं पुढे करीना. आम्हा धनगरांची एक रीत तुम्हाला ठाऊक आहे, शहरातल्या पोरांना नसेल. शेतकरी आम्हाला त्याच्या रानात मेंढरं बसवायला बोलावतो. मेंढरं तिथे मुक्काम करतात, त्यांच्या लेंड्यामुताने रान खताळतं, आणि त्याबदल्यात शेतकरी दाणे देतो. परक्या माणसाने दाणे दिले म्हणजे आपण त्याच्या रानात बसलो. दुसऱ्या कुठल्या कारणाने कोणी आपल्याला दाणे देतो, हे बाला माहीतच नव्हतं.

"बाई," तो म्हणाला, "मेंढरं गावाकडं हायत. तुमच्या रानात बसवाय माज्यापाशी काय न्हाय. ह्या कण्या कशापायी?"

वकीलीणबाई हसली. "अहो, काही द्यायचं नाही. हे दान आहे. पोटभर जेवा."

"दान आमी घेत न्हाय."

"बरं, मग सेवा समजा."

मागची माणसं ढकलायला लागली म्हणून त्याने वाडगं पुढे केलं. आडोशाला आल्यावर त्याने आयला विचारलं, "सेवा म्हंजे काय गं?"

आय म्हणाली, "दानच. पर शिकल्यालं."

बा खालमानेने जेवला. तो त्या छावणीत रोज तसाच जेवला. वेळ जाईना म्हणून तो न सांगता माळ झाडायचा, नळापाशी दगड रचायचा, कोणाचं मेलेलं जनावर ओढून टाकायचा. मंडळाचे लोक त्याला शहाणा माणूस म्हणायचे. तो शहाणा नव्हता. तो देणं शोधत होता.

पाहुणे यायचे त्या दिवशी जेवण उशिरा मिळायचं. आधी मला कारण कळलं नव्हतं. कण्या शिजून वास सुटलेला असायचा आणि आम्ही पोरं रांगेत बसून असायचो. मग मोटार यायची, कोट घातलेले लोक उतरायचे, आणि मग वाढलं जायचं. आम्ही तुटून पडायचो. ते पाहून एखादीच्या डोळ्यांना पाणी यायचं. आधी जेवलेलं पोर पाहून कोणाला रडू येत नाही, हे मंडळाला पक्कं ठाऊक होतं. एकदा एका पाहुणीने माझ्या गालाला हात लावला आणि "हिचे डोळे बघा" म्हणाली. माझं लक्ष वाडग्यात होतं.

त्यातच गिरणीत संप झाला. आम्हाला तो शब्द ठाऊक नव्हता. माळाच्या पलीकडे विणकरांच्या चाळी होत्या, तेलुगू बोलणारे लोक. त्यांचे पुरुष एरवी भोंग्याला पळायचे, ते आता दिवसभर ओट्यावर बसलेले दिसायला लागले, एवढंच आम्हाला कळलं. एके दिवशी मंडळाचा चिटणीस आला. तरुण माणूस, भाषण चांगलं करायचा. त्याने सगळ्या पुरुषांना एकत्र बसवून सांगितलं की गिरणीत जागा रिकाम्या आहेत, मालक मंडळाचे हितचिंतक आहेत, आणि ज्याला फुकटचं न खाता स्वाभिमानाने खायचं आहे त्याने उद्या सकाळी आपल्याबरोबर यावं.

बा उठून उभा राहिला. निघाल्यापासून त्याला मी असा ताठ पाहिला नव्हता. "मी येतो," म्हणाला. आमच्याकडचे लोक त्याला मानत. तो उठला म्हणून बाकीचे उठले.

नळावर पाण्याला चाळीतल्या बायकाही यायच्या. त्यांत नरसम्मा होती, आमच्या आडोशाच्या समोरच राहायची. तिचा नवरा मल्लय्या गिरणीत मागावर होता. ती आयला म्हणाली, "अक्का, तुझा मनुष्य उद्या आत जाते काय? जाऊ नको म्हण. आमचा मनुष्य घरी बसला ते मजा म्हणून नाही. तुमी आत गेले की आमी मेले."

आयने येऊन बाला तसंच्या तसं सांगितलं. बाने सगळं ऐकून घेतलं.

"मानसं काम सोडून गेली, व्हय का न्हाय?"

"व्हय. पर परत येनार हायत म्हन."

"आपण सोडल्यालं रान दुसऱ्या धनगरानं चारलं, तर आपण भांडाय जातो का?"

"त्यांनी सोडलं न्हाय. अडवून बसल्यात म्हनती ती."

"अडवायचं आसंल तर रानात बसावं. भाईर बसून कोन रान अडवतं?" मग हळू आवाजात म्हणाला, "लई दिस त्यांच्या कण्या खाल्ल्या. मेंढरं न्हाईत, तर मीच बसतो की त्यांच्या रानात."

आय म्हणाली, "ती बाई म्हनली हुती दान हाय म्हनून."

"म्हननारच. पर कुनी कुनाला फुकट दाणं देत न्हाय गं."

यात तो चुकला आणि बरोबरही होता, दोन्ही. फुकट नव्हतंच ते. पण रानाचा सौदा मेंढरं बसायच्या आधी ठरतो, तोंडावर ठरतो, आणि शेतकरी आवडला नाही तर धनगर कळप उठवून पुढे जातो. इथे सौदा आधी सांगितलाच नव्हता, आणि उठून जायला जागा नव्हती.

सकाळी आम्ही बायकापोरं मागून गेलो. फाटकाच्या दोन्ही बाजूंना पोलीस होते आणि त्यांच्या मागे चाळीतले लोक, बाया, पोरं. बा सगळ्यांच्या पुढे, डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी. कोणी दगड मारला नाही. गर्दीतून एकजण बेंऽ बेंऽ करून ओरडला. मग सगळेच मेंढरांसारखे ओरडायला लागले, बाया, पोरं सगळी. नरसम्माही ओरडत होती, मी पाहिलं. बाला राग आला नाही. त्याने मान वळवून आजूबाजूला पाहिलं. मेंढरू कुठे आहे ते तो बघत होता. मग त्याला कळलं, आणि तो आत गेला.

आत गेलेल्यांना बाहेर सोडत नव्हते. जेवण, झोप सगळं गिरणीच्या आवारात. छावणीत त्या आठवड्यापासून कण्यांबरोबर गूळ मिळायला लागला. पोरं खूश झाली. आयने गूळ खाल्ला नाही. मी तिच्या वाटणीचाही खाल्ला.

बाला रुई पिंजायच्या खात्यात लावला होता. त्याने आयुष्यात यंत्र पाहिलेलं नव्हतं. फिरत्या पट्ट्याखाली रुई अडकली ती त्याने हाताने ओढली, अडकलेलं कोकरू ओढावं तशी. पट्ट्याने उजवा हात कोपरापर्यंत नेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत संप मोडला. विणकर कमी पगारावर आत गेले आणि आमच्या लोकांना बाहेर काढलं, कारण त्यांना काम येत नव्हतं. पाऊसही पडला. मंडळाने छावणी बंद केल्याचा समारंभ केला.

सरकारी दवाखान्यात वकीलीणबाई मोसंबी घेऊन आली. आयला मंडळात स्वयंपाकाचं काम आणि मला त्यांच्या वसतिगृहात जागा देते म्हणाली. तिचे डोळे लाल होते, खोटे नव्हते. बाने डाव्या हाताने मोसंबी तिच्याकडे सरकवली.

"बाई, आता फिटलं," तो म्हणाला. "आता तुमचं आमी खायाचं न्हाय आन तुमी आमाला द्यायाचं न्हाय."

ती गेल्यावर आय त्याच्यावर तुटून पडली. "तुजं फिटलं आसंल. माजं आन पोरीचं पोट कशानं फिटायचं?" एक मोसंबी खाटेखाली घरंगळून राहिली होती ती तिने मला सोलून दिली. पुढे माझं नाव म्युनिसिपालटीच्या शाळेत वकीलीणबाईनेच घातलं. बाला आयने सांगितलं की शाळा सरकारची आहे. ही जी अक्षरं मी आज लिहिते ती अशी आली. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारीने सोयीचं तेवढंच लिहिलं.

चाळीच्या कडेला एक खोपट मिळालं. चाळीतलं कोणी आमच्याशी बोलत नव्हतं. चुलीसाठी विस्तव मागितला तर दार लावून घ्यायचे. संपात मल्लय्याच्या घरातली भांडी विकली गेली होती, आणि त्यात आमचाही हात होता, हे आयला मान्य होतं. एके दुपारी नरसम्मा सुपात विडीची पानं आणि तंबाखू घेऊन आली, ते आयपुढे ठेवलं आणि म्हणाली, "काम देते. शिकवते. बोलणार नाही."

आणि नाही बोलली. आयची बोटं धरून तिने विडी वळायला शिकवली. चुकलं की हातावर चापट मारायची. काही सांगायचं असलं तर मला सांगायची, "तुझ्या आईला म्हण, पान ओलं आहे." आय तिच्या पुढ्यात बसलेली असायची. आयही मग मलाच सांगायची, "तिला म्हन, डोळं फुटलं न्हाईत माजं." नरसम्माने काम का दिलं हे मला आजही नक्की माहीत नाही. विडीच्या कारखानदाराला जादा हात हवे होते, त्यात तिचंही काही निघत असेल. तिने कधी सेवा म्हटलं नाही. आणि आयला ते सूप परत करायची मोकळीक होती.

सुगीच्या वेळी नाना आम्हाला न्यायला आला. मेंढरं वाढली होती. त्याने खोपटापुढच्या चिंचेच्या सावलीत बसून बाला सगळी हकिकत सांगितली, कोणती मादी व्याली, कोणती गेली. बा ऐकत राहिला. मग म्हणाला, "एका हातानं मेंढरू धरू का कातरू?"

"मी हाय की."

"म्हंजे तू दान घालनार आन मी खानार."

"भावाचं कसलं दान, येडा झालास का?"

पण बा उठला नाही. नाना रडत गेला. आय त्या दिवशी विड्या वळत होती. तिने मान वर केली नाही. परत जायचं म्हणून जे होतं ते त्या चिंचेखाली संपलं.

पुढे माझं लग्न गिरणीतल्याच एका माणसाशी झालं. मी चाळीतच राहिले. काही वर्षांनी पुन्हा तसाच दुष्काळ पडला, आणि पुन्हा माळावर पत्रे उभे राहिले. वकीलीणबाईने मला बोलावून घेतलं. तिचे केस पांढरे झाले होते. धनगरांच्या बायकांशी बोलायला त्यांच्यातलीच कोणी हवी होती. मी गेले. कण्यांच्या चुलीपाशी आम्ही दोघीच होतो तेव्हा तिला विचारलं, "बाई, बाला नेलं तेव्हा संप आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

तिने पळी बाजूला ठेवली. "ठाऊक होतं. ज्वारी मालकांकडूनच येत होती गं. माणसं पाठवली नसती तर ज्वारी बंद झाली असती. इतकी पोरं होती. मी काय करायला हवं होतं?"

"आम्हाला सांगायला हवं होतं."

"सांगून काय झालं असतं?"

"बा गेलाच असता. पण सौदा आहे म्हणून कळून गेला असता. बाहेर लोक का उपाशी बसलेत हे कळून गेला असता."

तिने पळी उचलली आणि कण्या ढवळायला लागली.  नाही म्हणण्याची ताकद तिच्यातही नव्हती, हे मला तेव्हाच कळलं. ती मालकाला नाही म्हणू शकत नव्हती, आणि आम्ही तिला.

दुसऱ्या दिवशी नव्या आलेल्या बायकांना मी रांगेतच सांगितलं, "ही ज्वारी गिरणीच्या मालकाची आहे. उद्या संप झाला तर तुमच्या माणसांना दुसऱ्याच्या जागी बोलावतील. हे ऐकून घ्या आणि मग खा." मला वाटलं होतं कोणीतरी थबकेल. कडेवर पोर घेतलेली एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, बाजूला हो की. पोरगं रडतंय. संप आला की बगू त्याच्याकडं." मागच्या बायका हसल्या. रांग पुढे सरकली. चिटणिसांनी मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

त्या म्हातारीचं चुकलं असं मी म्हणत नाही. भुकेल्या माणसाला खरं सांगून त्याचं पोट भरत नाही. पण न सांगता भरवलं तर त्याचा हात जातो. यातून तिसरा रस्ता मला सापडलेला नाही, आणि मी आयुष्यभर शोधला आहे. नातसुनेला म्हणावं, कपडे वाट. फक्त देताना आधी स्वतःला विचार, समोरची बाई हे नको म्हणून परत करू शकते का. शकत नसेल तर तू तिची मालकीण झालीस, तुला हवं असो वा नसो. आणि फोटो काढायचे असले तर वाटायच्या आधी काढू नका, पोरं ताटकळतात.

त्या दुसऱ्या दुष्काळाच्याच उन्हाळ्यात बा गेला. धनगरांची घरं सोलापुरात त्या काळी थोडी, आणि पुरुष त्या वेळी कामावर. माझा नवरा आणि आणखी एकजण, एवढेच खांदे जमले. ऊन वाढत होतं. तेवढ्यात नरसम्मा खोपटात आली, प्रेताकडे पाहिलं आणि आयला म्हणाली, "पाणी तापवलीस काय?" इतक्या वर्षांत आयशी बोललेलं ते तिचं पहिलं वाक्य. आयने नाही म्हणून मान हलवली. नरसम्माने स्वतः चुलीवर हंडा चढवला.

दारात मल्लय्या होता, बरोबर चाळीतले दोघे. मल्लय्या मला म्हणाला, "पोरी, तुझ्या बापावर माझा राग आहे. तो राहील. पण खांदे कमी आहेत ना?" आणि त्याने पुढचा खांदा घेतला. फाटकापाशी जे ओरडले होते त्यांनीच बाला नेलं. कोणी काही माफ केलं नाही, आणि आम्ही माफी मागितलीही नाही.

आज कोणी मला तुमचं गाव कुठलं म्हणून विचारलं की मी सोलापूर सांगते. तुम्हा गावाकडच्यांना ते टोचतं, मला माहीत आहे. प्रेमाने सांगते असं समजू नका. या शहराने आमचं जे घेतलं ते घेतलं. पण घर म्हणजे आपलं भलं करणारे लोक, असं मला वाटत नाही. आमचं भलं करणारे मोटारीतून आले आणि समारंभ करून गेले. मल्लय्या समोरच्या ओट्यावर मरेपर्यंत बसून होता, मी जाताना येताना तोंड फिरवायचा, आणि संध्याकाळी मी दिसले नाही तर नरसम्माला विचारायचा की ती धनगराची पोर आली का परत.